निकाल राखून ठेवला आहे

‘माझा एकही निकाल वरच्या कोर्टात फिरला नाही,’ असं आमचे जजसाहेब ज्याला त्याला सांगायचे. दूधवाल्याला सांगायचे, सिलिंडर आणणाऱ्याला सांगायचे, गच्चीवरची टाकी धुवायला आलेल्या माणसांना तर हिंदीत सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय माणूस आहे. मलाही पहिली काही वर्षं वाटलं. मग एकदा त्यांच्याच बायकोने, म्हणजे वहिनींनी, मेथी निवडता निवडता मला सांगून टाकलं की अहो, निकाल दिले असते तर फिरले असते ना. सगळी नोकरी ह्यांनी पुढच्या तारखा देण्यात काढली. अगदीच गळ्याशी आलं की निकाल राखून ठेवायचा, आणि बदलीची ऑर्डर आली की तो नव्या जजच्या गळ्यात घालून सामान बांधायचं. हे सांगताना वहिनी हसत होत्या. मला हसू आलं नाही, कारण तोवर आमच्या तळमजल्यावरच्या फिलू मावशीचा कागद साहेबांच्या पुढ्यात पडून अकरा महिने झाले होते.

तो कागद कसला, ते आधी सांगतो, म्हणजे मी या माणसावर एवढा का खार खाऊन आहे ते कळेल. नाहूर स्टेशनच्या पूर्वेला आमची चार मजल्यांची, बिनलिफ्टची, जुनी सोसायटी आहे. ती ज्या जमिनीवर उभी आहे तिथे पूर्वी मावशीच्या घराण्याची भातशेती होती. गावठाणातले मूळचे ख्रिस्ती लोक हे, घरात मराठीच बोलणारे. जमीन गेली आणि तिच्या बदल्यात तळमजल्यावरचं एक घर मावशीच्या भावाच्या नावावर झालं. भावाने लग्न केलं नाही, मावशीनेही केलं नाही, दोघांनी त्या दोन खोल्यांत आयुष्य काढलं. भाऊ वारला तेव्हा सोसायटीच्या वारसनोंदीच्या फॉर्मवर त्याने बहिणीचं नाव लिहून ठेवलेलं होतं, स्वच्छ अक्षरात, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. आता बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं होतं आणि बिल्डर करार करणार होता तो ज्याचं नाव शेअर सर्टिफिकेटवर आहे त्याच्याशीच. नाव नाही तर नवं घर नाही. म्हणजे करार व्हायच्या आत त्या सर्टिफिकेटच्या मागच्या रकान्यात मावशीचं नाव चढायला हवं होतं. कमिटीचा एक ठराव आणि खाली सह्या, संपला विषय. कमिटीचे अध्यक्ष जजसाहेब आणि सेक्रेटरी मी.

साहेब आमच्या बिल्डिंगमध्ये आले ते त्यांचं मंत्रिपद गेल्यावर. त्याआधी घाटावरच्या एका जिल्ह्यात जज होते. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली असताना एका पक्षाने तिकीट देतो म्हटलं आणि यांनी संध्याकाळच्या आत राजीनामा लिहिला. जन्मात पटकन घेतलेला हा एवढा एकच निर्णय, असं वहिनी म्हणायच्या. निवडणुकीत सपाटून आपटले. मग पक्षाला काय वाटलं कोण जाणे, मागच्या दाराने विधान परिषदेवर घेतलं आणि नऊ महिने राज्यमंत्री केलं. खातं असं की नाव तीन ओळींचं आणि काम एका ओळीचं. नऊ महिन्यांनी मंत्रिमंडळात फेरबदल झाला आणि साहेब दुसऱ्या मजल्यावर आमचे शेजारी झाले.

आल्या आल्या त्यांनी दारावर पितळी पाटी ठोकली. वरच्या ओळीत माजी जिल्हा न्यायाधीश, खालच्या ओळीत माजी राज्यमंत्री, आणि नाव त्याच्याही खाली, बारीक. गाडीवरचा लाल दिवा सरकारने काढून घेतला तसा यांनी कुठून तरी दुसरा पैदा केला होता. तो शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी ठेवलेला असे. वहिनी गणपती पुसायच्या तेव्हा दिवाही पुसायच्या. एकदा माझ्या नातीने तो पेटतो का म्हणून विचारलं, तर साहेबांनी तिला दहा मिनिटं राजशिष्टाचार समजावून सांगितला आणि पेटतो की नाही ते सांगितलंच नाही.

त्यांना हाक कशी मारायची याचेही नियम होते. सोसायटीच्या कामात जजसाहेब, गणपतीच्या मंडळात मंत्रिमहोदय. चुकून उलटं झालं तर ओ द्यायचे नाहीत, खिडकीबाहेर बघायचे. मला ते ‘सचिव’ म्हणत. मी विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होतो, नटबोल्ट मोजण्यात केस पांढरे झाले, मला कोणी सचिव म्हटलं तर बरं वाटणारच. तेव्हा वाटलं. आज कुणी म्हटलं तर पायातली चप्पल काढेन.

घरात तर त्यांचं अखंड कोर्टच चाले. सकाळी चहाबरोबर वहिनींनी दिवसाची कामं सांगायची, त्याला ते ‘बोर्ड’ म्हणत. कामवाल्या बाईला गावाला जायचं असेल तर तिने ओट्याशी उभं राहून तोंडी अर्ज करायचा. मग साहेब विचारणार, मागच्या खेपेला किती दिवसांनी आलीस, आजारी कोण, आजाराला पुरावा काय. शेवटी म्हणणार, विचार करून सांगतो. ती बिचारी तोवर एसटीत बसलेली असायची. फ्रिज बंद पडला तेव्हा नवा घ्यायला दोन उन्हाळे गेले. वहिनी शेजारच्या फ्रिजमध्ये दूध ठेवायच्या आणि साहेब चार कंपन्यांची माहितीपत्रकं समोर मांडून उभय पक्षांचं म्हणणं ऐकून घ्यायचे. एकदा वार्षिक सभेनंतर आम्ही कमिटीवाले हॉटेलात गेलो. साहेबांनी मेनूकार्ड पहिल्या पानापासून वाचलं, वेटरची उलटतपासणी घेतली, उत्तप्पा आणि डोसा यांतला फरक त्याच्याकडून वदवून घेतला, आणि आमचं खाऊन झालं तेव्हा नुसता चहा पिऊन उठले. आम्ही हसलो. थोर माणसाचं वागणंच वेगळं, असं आपसांत म्हणालो. आमच्या अकलेचे धिंडवडे ते आम्हीच काढत होतो.

मंत्री असताना हेच चालायचं. त्यांचे तेव्हाचे पीए दर दिवाळीला फराळाला येत, सभ्य गृहस्थ, आवाज न चढवता बोलणारे. साहेब आत पूजेला बसले की ते दबक्या आवाजात आम्हाला सांगत. टेबलावर फाइल आली की साहेब ती शेवटपर्यंत वाचत, हिरव्या शाईचं पेन काढत आणि समासात दोन शब्द लिहीत: चर्चा करावी. मग अधिकारी चर्चेला आले की त्यांना वेळ नसे. दूरच्या कुठल्याशा आश्रमशाळेच्या छपराची फाइल होती म्हणे. पोरं गळक्या छपराखाली ताटं उचलून कोरडा कोपरा शोधत जेवायची. ती फाइल चार वेळा वर आली आणि चार वेळा ‘चर्चा करावी’ घेऊन खाली गेली. पाचव्यांदा आली तेव्हा मंत्री दुसरे होते. पीएंचं सांगून होतंय तेवढ्यात साहेब सोवळं सोडून बाहेर आले आणि लाडू मोडता मोडता म्हणाले, ‘माझ्या काळात खात्यात एकही घोटाळा झाला नाही.’ पीए म्हणाले, खरं आहे साहेब. करंजी खाताना त्यांनी मान वर केली नाही.

असा हा माणूस आम्ही स्वतःच्या हाताने अध्यक्ष केला. बिल्डर लोकांचा आम्हाला धाक होता. आजूबाजूच्या दोन सोसायट्यांची त्यांनी पार वाट लावली होती, माणसं भाड्याच्या खोल्यांत म्हातारी होत होती. तर आम्हाला वाटलं, आपल्याकडे जज आहे, मंत्री आहे, समोर बसला की बिल्डरची टरकेल. एकमताने निवडून दिला, हार घातला. नाव मी सुचवलं होतं.

मग कमिटीची मीटिंग दर रविवारी सकाळी अकराला सुरू झाली आणि तिचं कोर्ट झालं. मीटररूमला लागून आमचं ऑफिस, सात-आठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक टेबल. साहेब टेबलामागे. काळा कोट नव्हता, पण काळं जाकीट होतं, ते मे महिन्यातही घालत. वॉचमनने दारात उभं राहून नावाचा तीनदा पुकारा करायचा, मगच माणसाने आत यायचं. पाण्याची गळती, पार्किंग, जिन्यात ठेवलेल्या चपला, सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जायचं, मी ते लिहून घ्यायचो, आणि शेवटी साहेब डोळे मिटून म्हणायचे, ‘निकाल राखून ठेवला आहे.’ खोटं कशाला बोलू, मजा यायची. रिटायर्ड माणसाला रविवारी सकाळी दुसरं काय असतं? कुणी पोहे आणायचं, कुणी चहा. जिन्यातल्या चपला जिथल्या तिथे होत्या, पण आम्हाला वाटायचं, आपल्या सोसायटीत काहीतरी भारदस्त चाललंय.

माझी बायको मालवणची, तिला हे ढोंग पहिल्या दिवसापासून डोक्यात गेलं होतं. ‘तुमच्या जजसायबाक इचारा,’ ती म्हणायची, ‘घरातलो भात तरी तारखेशिवाय जेवतास मां?’

मावशीचा कागद या कोर्टात आला तो साध्या कामासारखा. मी वाचून दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मी आणखी एक कागद वाचला, कारण सेक्रेटरी म्हणून वाचणं भाग होतं. मावशीच्या वारलेल्या भावाचा कॅनडात एक पुतण्या होता, दुसऱ्या एका भावाचा मुलगा. त्याने ईमेल पाठवला होता, दोनच ओळी, की काकांच्या घराच्या बाबतीत माझाही विचार व्हावा. बस्स, एवढंच. त्याने पुढे ना वकील लावला ना फोन केला. मला तर वाटतं, पाठवून तो विसरूनही गेला असेल. पण साहेबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जी कळा आली, ती मी आधी कधी पाहिली नव्हती. ताठ बसले. म्हणाले, हरकत आली आहे. सुनावणी घ्यावी लागेल.

तेव्हापासून मावशी दर रविवारी येऊ लागली. बहात्तर वर्षांची बाई, चर्चमधल्या सकाळच्या मासला, म्हणजे प्रार्थनेला, जायचा निळा फ्रॉक, त्यावर जुना स्वेटर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद. भावाचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, विजेची बिलं, आईबापांच्या लग्नाचा फोटोसुद्धा. चर्चमधून थेट येऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसायची. वॉचमन तिच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा. ती तिसऱ्या पुकाऱ्याला उठायची, कारण पहिल्याला उठली तेव्हा साहेबांनी परत बसवलं होतं. मग ती तेच सांगायची, मी तेच लिहायचो, आणि साहेब पुढचा रविवार द्यायचे. ती ‘थँक्यू साहेब’ म्हणून जायची. तिला त्यांचा राग कधीच आला नाही. उलट तिला वाटायचं, एवढा मोठा माणूस आपलं एवढं ऐकून घेतोय म्हणजे आपलं काम पक्कं होणार.

पाचव्या महिन्यात एका रविवारी साहेब जरा रंगात होते. कायद्यात ताब्याला किती महत्त्व आहे यावर ते बोलत सुटले, आम्ही पोहे खात होतो. बोलता बोलता मावशीकडे बघून म्हणाले, ‘तेव्हा अर्जदाराने ताबा सोडू नये, हे उत्तम.’ आणि पुढच्या विषयाकडे वळले. मीही वळलो. मावशीने मात्र ते वाक्य घरी नेलं आणि देव्हाऱ्यात ठेवावं तसं जपून ठेवलं. ताबा सोडायचा नाही याचा अर्थ तिने असा घेतला की रात्री त्या घरात आपण असलंच पाहिजे. वसईला चुलत बहिणीच्या नातीचं लग्न होतं, गेली नाही. बहीण दोनदा न्यायला आली, तरी गेली नाही. इथवर ठीक होतं. पण दोनेक महिन्यांनी तिच्या डाव्या डोळ्याला काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, जी नजर जाईल ती परत येणार नाही, तीन दिवस ॲडमिट व्हावं लागेल. तीन दिवस म्हणजे दोन रात्री. मावशी नाही म्हणाली.

आम्ही काय कमी समजावलं? माझी बायको म्हणाली, मी झोपते दोन रात्री तुमच्या घरात, जा तुम्ही. मावशी हसली आणि म्हणाली, ‘तू झोपलीस तर ताबा तुझा व्हतो गं.’ कोर्टाची पायरी न चढलेली बाई, तिला कुणी काय शिकवलं होतं? तिच्या लेखी जजने सांगितलं होतं, आणि जजने सांगितलेलं मोडलं तर घर जाणार होतं. त्या घरापलीकडे तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मी वर गेलो. साहेब आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, साहेब, तुमच्या बोलण्यावरून ती अडून बसली आहे, डोळा जाईल तिचा.

त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा पुसला. ‘सचिव, मी निर्देश दिलेला नाही. ते केवळ निरीक्षण होतं.’

‘मग तेवढं तिला सांगा ना. म्हणावं, खुशाल जा.’

‘तसं सांगणं म्हणजे नवा निर्देश होईल. हरकत प्रलंबित असताना मला तो देता येणार नाही.’

या माणसाच्या तोंडचं एक वाक्य, अर्ध्या मिनिटाचं. दोन जिने उतरायचे, दार वाजवायचं, मावशी जाऊन या म्हणायचं. आत स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या नाहीत. मी म्हणालो, बरं साहेब, आणि खाली आलो. हे ‘बरं साहेब’ मी का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. थेंब घालत राहा म्हणून डॉक्टरांनी दिलेली बाटली मी मावशीला आणून द्यायचो आणि वाटायचं, मी माझ्याकडून करतोय.

सुनावण्या चालूच राहिल्या. पुढे पुढे मावशी ऑफिसात आली की टेबलाच्या कोपऱ्याला आपटायची. मग हात पुढे धरून चालू लागली. साहेबांनी याची दखल घेतली, नाही असं नाही. अर्जदाराला बसून बोलण्याची मुभा दिली आणि तसं मला लिहून घ्यायला सांगितलं. चौदाव्या महिन्यात डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची आशा सोडली. उजव्याचं बघू म्हणाले.

सतराव्या महिन्यात साहेब गावाला गेले. त्यांच्या जुन्या जिल्ह्यातल्या वकील मंडळींनी त्यांचा सत्कार ठेवला होता. अशा माणसाचे सत्कार होतात. बिल्डरचा करार तीन आठवड्यांवर आला होता. कमिटीवर प्राजक्ता नावाची तिसऱ्या मजल्यावरची मुलगी नुकतीच आली होती, सीए आहे, तडकफडक. ती माझ्याकडे सोसायटीच्या नियमांचं पुस्तक घेऊन आली. माझ्याच कपाटातलं, मी कधी पूर्ण न वाचलेलं. तिने बोट ठेवून दाखवलं की अध्यक्ष हजर नसतील तर हजर असलेल्यांनी त्या दिवसापुरता आपल्यातला एक अध्यक्ष निवडायचा आणि काम करायचं. फॉर्म भरलेला आहे, साक्षीदार आहेत, पुतण्याला काही म्हणायचं असेल तर त्याने खऱ्या कोर्टात जावं, सोसायटीने त्यासाठी थांबायचं कारण नाही.

मी म्हणालो, मग साहेब नाहीत तोवर उरकून घेऊ.

ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागली. ‘काका, ते असते तरी हे झालंच असतं. सात जणांची कमिटी आहे. चार हात पुरे होते.’

ते मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं, कारण मीटिंग बोलवायची घाई होती. रविवारी अकराला आम्ही सहा जण जमलो. पुकारा झाला नाही, पोहे आले नाहीत. प्राजक्ताने ठराव वाचला, सहाही हात वर झाले, सर्टिफिकेटच्या मागे मावशीचं नाव चढलं आणि खाली सह्या झाल्या. प्राजक्ताने मोबाइलवर वेळ बघितली. सात मिनिटं. मी तसाच जाऊन मावशीच्या हातात सर्टिफिकेट दिलं. तिने ते उजव्या डोळ्याजवळ नेऊन बघितलं, नावावर बोट फिरवलं, आणि खुर्चीवर बसून खूप वेळ रडली. दुसऱ्या आठवड्यात उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेली. घराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या बायकोकडे दिली.

साहेब पंधरा दिवसांनी शाल आणि नारळ घेऊन परतले. मला वाटलं, भडकतील, राजीनामा फेकतील. मी तर भांडायच्या तयारीनेच वर गेलो होतो. पण त्यांनी शांतपणे टेबलाचा खालचा खण उघडला आणि टाचणी लावलेला कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. टाइप केलेली सव्वीस पानं. मी शेवटचं पान उलटलं. अर्जदार हिचं नाव दाखल करण्यात यावं, असा आदेश होता. वर तारीख होती ती मावशीचा अर्ज आल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातली.

‘तुमचा ठराव योग्यच आहे,’ साहेब म्हणाले. ‘मीही हेच लिहून ठेवलं होतं.’

‘मग वाचला का नाहीत?’

‘वाचला की तो निकाल होतो, सचिव. मग त्यावर कोणी वर जातं.’ आणि ते गठ्ठा परत खणात ठेवायला लागले, हलक्या हाताने, कोपरे जुळवून.

मला त्या क्षणी त्यांची किळस आली. लाच खाणारे लोक मी पाहिलेत, त्यांचा राग येतो, पण त्यांना निदान काहीतरी हवं तरी असतं. या माणसाला काही नको होतं. आपलं कधी चुकलं नाही, एवढं म्हणता यावं म्हणून याने एका म्हातारीचा डोळा जाऊ दिला होता, आणि तिचं बरोबर आहे हे त्याला पंधरा महिने माहीत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बेल वाजली.

दारात मावशी. ऑपरेशन होऊन आली होती, काळा चष्मा, हातात स्टीलचा डबा. त्यात घरचे फुगे होते, हे लोक सणाला तळतात ते गोल, गोडसर. दोन जिने चढून ती साहेबांचे आभार मानायला आली होती. साहेब, तुमच्यामुळे घर राहिलं, असं म्हणाली आणि हात जोडले. मला वाटलं, आता तरी हा माणूस खरं बोलेल. साहेबांनी एक फुगा उचलला, चव घेतली आणि म्हणाले, ‘न्याय झाला, याचं समाधान आहे.’

मी मावशीला खाली न्यायला म्हणून उठलो. तिचं कोपर धरलं, एकेक पायरी उतरू लागलो. माझ्या डोक्यात नुसती आग होती. हा गैरसमज मी तिच्यापाशी राहू देणार नव्हतो. पहिल्या मजल्यावर आलो तेव्हा मी थांबलो आणि तिला सगळं सांगून टाकलं. मावशी, त्या माणसाने तुझ्यासाठी काडीचंही केलं नाही. उलट लिहून ठेवलेला कागद दाबून बसला. आम्ही केलं ते. आम्ही सहा जणांनी हात वर केले आणि तुझं नाव चढवलं.

तिने ऐकून घेतलं. चष्मा माझ्याकडे वळवला.

‘कितीक वेळ लागला?’

‘सात मिनिटं,’ मी म्हणालो. मला वाटलं, साहेब किती नालायक आहे ते आता तिला कळेल.

खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी कुकरची शिट्टी झाली.

‘आनि तू शेक्रेटरी कवापासून?’

‘नऊ वर्षं झाली.’

‘मंग पयल्या रविवारी हात का नाय वर केलास रे?’

ती चिडून बोलली नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं आणि उत्तरासाठी थांबली. मग तिने माझ्या हातातून आपलं कोपर सोडवून घेतलं, कठडा धरला आणि पायाने एकेक पायरी चाचपत एकटीच खाली उतरत गेली.